देवघराच्या दाराची कडी

मित्रांनो, मला हात लावाल तर तुमच्या बोटाला तेल लागेल. जुनी कडी म्हटली की सगळ्यांना आधी गंजच आठवतो. मी जुनी आहे, पण गंजलेली नाही. उरणच्या खाडीकाठी, न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक स्लॅबचं घर आहे. त्या घरात मागच्या बाजूला देवघर आहे आणि देवघराच्या दाराला मी बाहेरून लावलेली आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हेच काम मी जन्मभर केलं. त्यातलं मला कुणी शिकवायला येऊ नये. एक पोरगी आली, तिने शिकवलं, आणि ते मी ऐकून घेतलं. तिचीच गोष्ट सांगते आहे.

कडी होण्याआधी मी साखळी होते. खाडीतून मीठ वाहून नेणाऱ्या एका मचव्याच्या नांगराची साखळी. मचवा कुजला आणि मी चिखलात पडले. तिथून रामचंद्राने मला उचललं. हा रामचंद्र मिठागरात काम करणारा माणूस. अंगाने काटकुळा, पण एक टोपलं मीठ उचलायचा तर दोघं बघत उभे राहायचे. त्याने मला भागोजी लोहाराकडे टाकलं. भागोजीने मला भट्टीत घातलं, लाल केलं आणि घणाखाली घेतलं. मी ओरडले नाही. ठिणग्या उडाल्या तेवढ्याच. मग पाण्यात बुडवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की ही कडी घराला पुरून उरेल. तेवढी एकच शाबासकी मला आयुष्यात मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

रामचंद्राच्या कौलारू घराच्या पुढच्या दाराला मला ठोकलं. समोर चौकटीत माझा कोयंडा बसला. मी त्याच्यात जाऊन अडकायचं आणि घर बंद व्हायचं. कोयंडा तसा गरीब, कधी बोलला नाही. बोलायचं काम माझं. कुणी आलं की मला वाजवायचं. मी खणखण बोलले की आतून आवाज यायचा, कोण आहे? मग नाव सांगायचं. नाव सांगितलं की दार उघडायचं. आमच्या भागात आपल्या माणसाला उंबऱ्यावर उभं ठेवण्याची रीत नव्हती.

मिठाच्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, पण मी टिकले. एकदा भरतीने बांधाला खांड पाडली आणि पाणी गावात शिरलं. दाराच्या फळ्या फुगल्या, मी सुटले नाही. त्याच घरात रामचंद्राची सून म्हणून सोनूबाई आली. उंबऱ्यावरचं माप ओलांडून झाल्यावर तिने वाकून मला हात लावला आणि हळूच हलवून पाहिलं. नवी नवरी, डोक्यावर पदर, आणि आल्या आल्या दाराची कडी तपासते. मी तेव्हाच ओळखलं, ही माझ्या जातीची आहे.

सोनूबाईची जीभ म्हणजे मिठागरातलं ऊन. चार माणसांत बोलली की समोरच्याचा घसा सुकायचा. पण घर तिने उभं केलं. मिठागरात राबली, नवरा गेला तरी हटली नाही, एकुलता निकेत वाढवला. देवापुढचा तिन्हीसांजेचा दिवा तिने कधी चुकवला नाही. ताप असला तरी भिंत धरून उठायची. अंधार पडायच्या आत देवापुढे उजेड हवा, हा तिचा नेम.

पुढे बंदर आलं आणि मिठागरं गेली. जिथे पांढरे ढीग असायचे तिथे कुंपण आलं, कंटेनरच्या डब्यावर डबे रचले गेले. एकदा सोनूबाई जुन्या वाटेने जायला निघाली, तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं आणि पास मागितला. तिने त्याला सांगितलं की या खाजणातलं मीठ तिच्या सासऱ्याने खांद्यावर वाहिलं. तो म्हणाला की ते खरं असेल, पण पास दाखवा. ती परत आली. त्या दिवशी तिने मला अशी लावली की माझा खिळा हलला.

निकेत ट्रेलर चालवायला लागला. कौलं गेली, स्लॅब आला. पुढच्या दाराला चकचकीत नवं कुलूप बसलं, दाबलं की आपोआप लागणारं. मी म्हटलं, बस बाबा, तुझेही दिवस येतील. जुनं दार फेकायला सोनूबाई तयार नव्हती, म्हणून ते मागच्या देवघराला लावलं आणि दाराबरोबर मीही मागे गेले. देवघराला कडी लागतेच कशाला? मी नुसती लोंबत राहिले. मला वाजवायचं कारण उरलं नाही. वर गंज धरला, हलवलं तर कुरकुरायचे. निकेत म्हणायचा, हिला काढून भंगारात दे. सोनूबाई म्हणायची, आधी मना दे भंगारात.

मग निकेतची बायको हेमाली आली. माहेर नागावचं, नारळाच्या वाडीत वाढलेली, कॉलेज शिकलेली. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला होती, कराराची नोकरी. एका सकाळी त्या ऑफिसात खोटा मेल आला. साहेबाच्या नावाने आलेला, म्हणून कुणीतरी उघडला आणि एकेक कॉम्प्युटर बंद पडत गेला. यार्डाची फाटकं अडली, ट्रेलरच्या रांगा लागल्या, त्या रांगेत निकेतही हॉर्न वाजवत बसला होता. हेमालीला संशय आला आणि तिने आपल्या खोलीतल्या सगळ्या तारा उपटल्या, म्हणून तेवढा भाग वाचला. साहेबांनी तिला सांगितलं की कॉम्प्युटरच्या सुरक्षेची एक मोठी परीक्षा असते, ती पास हो, मग तुला राखणीच्या टेबलावर कायम करतो. परीक्षेची एक संधी ऑफिसकडून. करार संपायच्या आत पास झालं पाहिजे, नाहीतर करार वाढणार नाही.

सोनूबाईला हे कळलं आणि तिची मान दोन बोटं उंच झाली. ज्या बंदराच्या फाटकावर तिला अडवलं, त्याच बंदराच्या राखणीला आता तिची सून बसणार. तिने हे शेजारच्या किशोरीला सांगितलं, मासे विकणारीला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. परीक्षा व्हायच्या आधीच निम्म्या गावात हेमाली पास झाली होती.

अभ्यासाला जागा हवी होती. पुढे टीव्ही आणि रस्त्यावरचे ट्रेलर. देवघर तेवढं शांत. हेमालीने विचारलं तेव्हा सोनूबाईने होकार दिला, पण एका अटीवर. देवाकडे पाठ करून बसायचं नाही. मग देवाच्या भिंतीला टेबल लागलं, टेबलावर लॅपटॉप, त्याच्यामागे देव. हेमालीचं तोंड देवाकडे आणि पाठ दाराकडे. म्हणजे माझ्याकडे.

कामावरून आली की चहा घेऊन ती तिथे बसायची. खोटे मेल कसे ओळखायचे, पासवर्ड कसा ठेवायचा, चोर आत शिरलाच तर कुठली दारं आधी लावायची, असलं सगळं मोठ्याने वाचायची. बाहेर सोनूबाई कोलीम, ती बारीक सुकट, निवडत ऐकायची. दोघींनी ऐकलं, तिने आणि मी. आणि काय सांगू मित्रांनो, ते सगळं माझंच काम होतं. फक्त लोखंड नव्हतं त्यात.

एक दिवस हेमाली अडकली. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचत होती. मग ती बाहेर येऊन सासूपुढे बसली, म्हणाली तुम्हाला समजावते, म्हणजे मला समजेल.

"आई, हे बघा. माणूस कोण आहे ते ओळखणं वेगळं. आणि त्याला आत सोडायचं की नाही, ते वेगळं. दोन वेगळ्या कड्या असतात."

"ओळखलं, तर मग सोडलंच की."

"नाही ना. ओळखीचा असला तरी परवानगी लागते."

सोनूबाई हसली. म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरात असंल. आमच्या घरात ओळखीचा मानूस परवानगी मागाया लागला, म्हंजे समजायचा त्याचा-आपला भांडन हाय."

हेमालीही हसली. पण मी नाही हसले. दोन कड्या असतात, हे मला पटलं होतं. सांगणार कुणाला?

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपवर. दूर कुठेतरी बसलेला परीक्षक कॅमेऱ्यातून पाहणार. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, दार बंद. कोणी आलं की परीक्षा रद्द. हेमालीने सासूला हे सगळं समोर बसवून सांगितलं. सोनूबाई म्हणाली, काळजी करू नको, कडी मी भायेरून घालीन आणि दारात बसीन, चिमणी जायची नाय आत.

त्या दिवशी सकाळी तिने खोबरेल तेलाची वाटी आणली. मला आधी राखेने घासलं, मग बोटाने तेल चोळलं, खिळ्यात सोडलं, कोयंड्यात सोडलं. परीक्षेत पोरीच्या कानाला माझी कुरकुर नको म्हणून. किती वर्षांनी माझ्या अंगाला माणसाचं बोट लागलं होतं. मला वाटलं, मी पुन्हा पुढच्या दाराला आले.

परीक्षा दुपारची होती. उन्हं अंगणात असतानाच संपायची, असा हिशोब. पण त्या परीक्षकाने आधी खोली तपासली. लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखव, टेबलाखाली दाखव, कान दाखव, बाह्या वर कर. भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं. घंटा बाजूला ठेवायला लावली. तेवढ्यात नेट गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून रांग. हेमाली घामाने भिजली. पेपर सुरू झाला तेव्हा उन्हं कलली होती.

बाहेर सोनूबाई पाट टाकून बसली, माझ्या खाली. किशोरी कोथिंबीर मागायला आली. तिला खुणेनेच हाकललं. कुरिअरवाल्याला पायरीवरूनच परत लावलं. शेवटी निकेत आला, खेप करून थकलेला. त्याचा चार्जर देवघरात होता. म्हणाला, एका मिनिटात घेतो.

"आत जाया मिळनार न्हाय."

"आई, मी कोणी परका आहे का?"

"आज सगले परके. जा, पाय धू."

तो गेला. मला तिचा अभिमान वाटला. भागोजीने मला घडवलं होतं, हिला कुणी घडवलं होतं कोण जाणे.

आणि मग सावल्या लांबल्या. अंगणातल्या तुळशीजवळ तिने दिवा लावला आणि परत येऊन बसली. उठली. पुन्हा बसली. दाराच्या फटीतून तिने आत पाहिलं. आत काळोख दाटत होता आणि त्या काळोखात लॅपटॉपचा निळा उजेड पोरीच्या तोंडावर पडला होता. मागे देव अंधारात. आजच्या दिवशी, घरातली सून परीक्षेला बसलेली असताना, देव अंधारात. ती पुटपुटली, मी जवळ होते म्हणून ऐकलं. "बोलनार न्हाय. हलके जाईन, दिवा लावीन, येईन. मी काय कोनी हाय?"

तिने स्वयंपाकघरातून निरांजन पेटवून आणलं. एका हाताने ज्योत झाकली, पदराचं टोक दातात धरलं, आणि दुसऱ्या हाताने मला उचललं.

आता माझं ऐका. रोजची मी असते, तर अशी कुरकुरले असते की हेमालीने मागे वळून हात केला असता, नको आई. पण माझ्या अंगात तेल होतं. मी मऊ उठले आणि कोयंड्यातून निघाले. बिजागरीही गप्प होती, तिलाही तेल मिळालं होतं. यात माझा दोष कुणी काढू नये. मला तेल घातलं तशीच मी वागले.

सोनूबाई अनवाणी आत गेली. हेमालीची नजर पडद्यावर, बोट बटणावर. सासू बाजूने पुढे सरकली तेव्हा उजेड हलला आणि हेमालीने वर पाहिलं. तिने काही म्हणायच्या आत लॅपटॉपमधून आवाज आला. इंग्रजी. थंड. हेमाली उभी राहिली, हात जोडून इंग्रजीत काहीतरी सांगू लागली. माय मदर, माय मदर, एवढं मला कळलं. तो आवाज पुन्हा बोलला, तितकाच थंड. पडदा पांढरा झाला.

सोनूबाईने निरांजन देवापुढे ठेवलं होतं. ज्योत छान पेटली होती.

"काय झाला गो?"

"परीक्षा बंद केली त्यांनी."

"मी तं बोलले पन न्हाय."

"हो."

"तू सांगितला न्हाय का त्याला, मी कोन ते?"

"सांगितलं, आई."

"मंग?"

 हेमालीने लॅपटॉप मिटला. सोनूबाई एकदा देवाकडे बघायची, एकदा तिच्याकडे.  मग हेमालीने शांतपणे कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं, घंटा जागेवर ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. तिने एक शब्दही वाकडा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. सोनूबाईला भांडता येतं. गप्प माणसाशी काय करायचं, ते तिला येत नाही.

हेमालीने पुन्हा परीक्षेला बसू द्या असा अर्ज केला. उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखा. ऑफिसने दुसरी संधी दिली नाही. करार संपला. राखणीच्या टेबलावर आता पनवेलकडचा एक मुलगा बसतो, असं निकेत जेवताना सांगत होता, मग आईचं तोंड बघून त्याने ताटात मान घातली. हेमाली दुसऱ्या एका यार्डात जाते. दिवसभर डब्यांचे नंबर टाकायचे, उद्या बोलावतील की नाही ते आज कळायचं. किशोरीने एकदा विचारलं, काकी, तुमच्या सुनेचा निकाल काय लागला? सोनूबाई म्हणाली, तुझ्या घरच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते जाऊन मोज.

आणि एका सकाळी तिने देव हलवले. कुणाला विचारलं नाही, भटाला बोलावलं नाही. एकेक देव पदरात घेऊन बाहेरच्या खोलीत नेला, टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला. इतकी वर्षं देव असलेली खोली ती देवांशिवाय झाडत होती, तेव्हा तिची केरसुणी पुन्हा पुन्हा त्याच जागेवर फिरत होती. टेबल आणि खुर्ची तेवढी आत राहिली. आता हवं तिकडे तोंड करून बसता येईल. निकेतने तिथे ट्रेलरची ताडपत्री ठेवायला आणली, तर तिने ती अंगणात फेकून दिली.

पण हेमाली त्या खोलीत बसत नाही. आत जाते, काही आणायचं असेल तर आणते, निघते. पुस्तकं टेबलावर आहेत, वरचं धुळीने भुरकट झालं आहे. सोनूबाई त्यांना हात लावत नाही. तिन्हीसांजेला बाहेर देवापुढे दिवा लावते, आणि वातीचं उरलेलं तेल बोटावर घेऊन माझ्याकडे येते. रोज. मला चोळते, खिळ्यात सोडते. आता कशासाठी, ते तीच जाणे.

परवा मात्र एक झालं. हेमाली कामावरून लवकर आली. यार्डात नको म्हणाले असावेत. तिने चप्पल काढली, सरळ त्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पुस्तक उघडल्याचा आवाज आला नाही.  थोड्या वेळाने सोनूबाई चहा घेऊन आली. दार नुसतं लोटलेलं होतं, पायाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण ती थांबली. बशी एका हातात धरली, दुसऱ्या हाताने मला उचललं आणि दाराच्या फळीवर दोनदा आपटलं. कितीतरी वर्षांनी मी बोलले.

"हेमाली. येऊ का गो?"

तिच्या स्वतःच्या घरात, जे दार तिने भंगारात जाऊ दिलं नाही त्या दारापाशी, तिने परवानगी मागितली. आतून उत्तर आलं नाही. चहावर साय धरली. तरी ती उभी होती.

मित्रांनो, जुन्या कड्यांना तेल घाला, त्या फेकू नका, हे तर मी सांगणारच, माझा स्वार्थ आहे त्यात. पण दुसरं सांगते ते स्वार्थाशिवाय. आत बसलेलं माणूस तुमचं कितीही जवळचं असो, ज्याने दार लावलं आहे त्याला विचारा. माया हातात निरांजन घेऊन आली, तरी तिनेही विचारावं. कडी वाजवा, नाव सांगा, आणि आतून आवाज येईपर्यंत बाहेर थांबा. लवकर विचारलं तर कमी थांबावं लागतं. सोनूबाईने उशिरा विचारलं. तो चहा तिने तसाच परत नेला, ओतून दिला, आणि नवीन आधण ठेवलं.